एकल चेलोसाठी बाखचे स्वीट

एकल चेलोसाठी बाखचे स्वीट : जर्मन संगीतरचनाकार योहान झेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) याने कोणत्याही साथीविना केवळ चेलो या वाद्यासाठी रचलेल्या सहा नृत्यमालिका. बाखच्या रचनांच्या प्रमाणभूत सूचीत त्यांना १००७ ते १०१२ हे क्रमांक दिलेले आहेत. चेलोवादनाच्या वाङ्‌मयात या रचनांचे स्थान आज सर्वोच्च मानले जाते. तथापि रचनेनंतर सु. पावणेदोनशे वर्षे त्या बहुतांशी अभ्यासपाठ म्हणूनच ओळखल्या जात. बाखच्या हस्ताक्षरातील मूळ संहिताही उपलब्ध नाही. त्यामुळे या रचनांचा इतिहास हा एका अर्थी त्यांच्या संहितेच्या शोधाचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : सतराव्या शतकात चेलो हे मुख्यतः साथीचे वाद्य होते. समूहवादनातील खर्जाची बाजू सांभाळणे, एवढेच त्याचे कार्य असे. त्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याचे तंत्र प्रचारात आले. त्यामुळे खर्जाच्या तारा तुलनेने आखूड असूनही चांगल्या वाजू लागल्या, वाद्याचा आकार आटोक्यात आला आणि जलद वादन सुकर झाले. इटलीतील बोलोन्या हे या नव्या वादनाचे एक प्रमुख केंद्र होते. तेथील दोमेनीको गाब्रिएल्ली याने १६८९ च्या सुमारास एकल चेलोसाठी केलेल्या ‘रिचेर्कार’ नामक रचना या प्रकारातील सर्वांत जुन्या रचनांपैकी होत. जर्मनीत मात्र एकल चेलोसाठी अशी परंपरा नव्हती. साथीविना वाजविण्याच्या रचना तेथे व्हायोलिन व व्हिओला दा गांबा या वाद्यांसाठी होत असत.

रचनाकाल : १७१७ ते १७२३ या काळात बाख कोथेन येथे प्रिन्स लेओपोल्ट याच्या दरबारी संगीतप्रमुख होता. हा दरबार कॅल्व्हिनपंथी असल्याने चर्चमधील उपासनेत विस्तृत संगीताला फारसा वाव नव्हता. साहजिकच बाखचे लक्ष वाद्यसंगीताकडे वळले. एकल व्हायोलिनसाठी त्याने रचलेल्या सहा कृतींच्या स्वहस्ताक्षरातील प्रतीवर १७२० हे वर्ष आहे. चेलोचे स्वीटही याच सुमाराचे असावेत, असे सामान्यतः मानतात. ते कोथेनच्या वाद्यवृंदातील क्रिस्टिआन फेर्डिनांट आबेल किंवा क्रिस्टिआन बेर्नहार्ड लिनिगके यांच्यासाठी लिहिले गेले असावेत, हा केवळ तर्क होय.

रचनाबंध : सहाही स्वीटची बांधणी समान आहे. प्रारंभी मुक्त स्वरूपाचे प्रेल्यूड, त्यानंतर आलमांद, कुरांत व साराबांद ही नृत्ये, मग एकाच प्रकारच्या दोन लघुनृत्यांची जोडी आणि शेवटी जीग, असा हा क्रम आहे. पहिल्या दोन स्वीटमध्ये ही जोडी मिन्युएटची, तिसऱ्या व चौथ्यात बुरेची, तर शेवटच्या दोहोंत गाव्हॉतची आहे. स्वीटच्या स्वरपट्ट्या अनुक्रमे जी मेजर, डी मायनर, सी मेजर, ई-फ्लॅट मेजर, सी मायनर आणि डी मेजर अशा आहेत. ही नृत्ये प्रत्यक्ष नाचण्यासाठी नव्हेत. नृत्याची लय व चाल तेवढी राखून बाखने त्यांना स्वतंत्र संगीतरूप दिले आहे.

वाद्याच्या दृष्टीने शेवटचे दोन स्वीट वेगळे आहेत. पाचव्यासाठी चेलोची सर्वांत वरची ‘ए’ तार एक स्वर उतरवून ‘जी’ या स्वरात जुळवावी, अशी सूचना आहे. सहावा स्वीट पाच तारांच्या वाद्यासाठी आहे. नेहमीच्या सी, जी, डी, ए या चार तारांच्या वर ‘ई’ ही जादा तार त्यात गृहीत धरलेली आहे. हे वाद्य नेमके कोणते, याविषयी मतभेद आहेत. ते पट्ट्याने छातीशी अडकवून खांद्यालगत धरण्याचे छोटे वाद्य असावे, असेही काही वादक-संशोधक मानतात. चार तारांच्या चेलोवर हा स्वीट वाजविणे अतिशय कठीण आहे.

संगीतविशेष : पाश्चात्त्य संगीताचा पाया स्वरमेळ हा आहे, अनेक स्वर एकाच वेळी उमटून तो साधला जातो. चेलोच्या गजाखाली मात्र एका वेळी एक किंवा फार तर दोन तारा सहजपणे येतात. ही मर्यादा बाखने रचनेचे सामर्थ्य बनविली. एकाच स्वरावलीत खर्जाचे, मधले व वरचे स्वर आळीपाळीने योजून तो दोन-तीन स्वतंत्र आवाज चालू असल्याचा भास निर्माण करतो. खर्जाचा स्वर क्षणभर वाजून थांबतो. परंतु पुढील खर्जस्वर येईपर्यंत श्रोता तो मनात धरून ठेवतो. अशा प्रकारे न वाजलेले स्वर पुरविण्याचे काम श्रोत्यावर सोपविलेले असते. पहिल्या प्रेल्यूडमध्ये तुटक स्वरसमूहांतून संपूर्ण स्वरमेळ उभा राहतो. पाचव्या स्वीटचे प्रेल्यूड फ्रेंच ओव्हर्चरच्या धर्तीचे असून त्याच्या उत्तरार्धात एका वाद्यावर फ्यूगचा आभास साधला आहे. त्याच स्वीटच्या साराबांदमध्ये एकही संयुक्त स्वर नाही. केवळ एकेरी स्वरांच्या विरळ ओळीतून बाखने विलक्षण गंभीर परिणाम साधला आहे.

संहितेचा प्रश्न : या रचनांच्या अठराव्या शतकातील चार हस्तलिखित नकला उपलब्ध आहेत. त्यांपैकी ऑर्गनवादक योहान पेटर केल्नर याची नक्कल १७२६ च्या सुमाराची असून पाचव्या स्वीटच्या बाबतीत ती अपूर्ण आहे. दुसरी बाखची द्वितीय पत्नी आना माग्डालेना हिने १७२७ ते १७३१ च्या दरम्यान केलेली आहे. उरलेल्या दोन नकला अज्ञात लेखनिकांच्या असून त्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. आना माग्डालेनाची नक्कल स्वरांच्या बाबतीत बरीच विश्वसनीय आहे. परंतु कोणते स्वर गजाच्या एका ओढीत घ्यावयाचे, हे दर्शविणाऱ्या कंसरेषा तिच्यात संदिग्ध व विसंगत आहेत. चारही नकला या बाबतीत परस्परांशी जुळत नाहीत. गजाची ओढ बदलली की स्वरांची जोडणी, आघात आणि पर्यायाने नृत्याची चालही बदलते. त्यामुळे हा प्रश्न केवळ पाठचिकित्सेचा राहत नाही. प्रत्येक वादकाला आपला पाठ स्वतःच ठरवावा लागतो. पाचव्या स्वीटचे बाखने ल्यूटसाठी केलेले रूपांतर मात्र त्याच्या स्वहस्ताक्षरात ब्रूसेल्स येथे जतन केलेले आहे. चेलोवर केवळ सूचित झालेले काही स्वर त्यात प्रत्यक्ष लिहिलेले आढळतात, म्हणून ते विशेष उद्‌बोधक आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मार्टिन जार्विस याने हे स्वीट आना माग्डालेनानेच रचले असावेत, असे मत मांडले. परंतु बहुतेक संशोधकांनी ते अमान्य केले आहे.

उपेक्षा व पुनरुज्जीवन : स्वीटची पहिली छापील आवृत्ती १८२४ मध्ये पॅरिस येथे निघाली. तिच्या शीर्षकात या रचनांना ‘सोनाटा अथवा अभ्यासपाठ’ असे म्हटले होते व पुढे तीच दृष्टी रूढ झाली. साथीविना हे संगीत अपुरे वाटते, या समजुतीतून रॉबर्ट शूमान याने १८५३ मध्ये त्यांना पियानोची साथ लिहिली. त्यांपैकी केवळ तिसऱ्या स्वीटची साथ आज उपलब्ध आहे. फ्रीड्रिख ग्रूट्समाखर याने आपल्या आवृत्तीत स्वर व खुणा यांत मनमुराद भर घातली. १८७९ मध्ये बाख-गेझेलशाफ्टच्या समग्र आवृत्तीत हे स्वीट प्रसिद्ध झाल्याने चिकित्सक अभ्यासाला आधार मिळाला.

पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) या कातालान वादकाला १८९० मध्ये, तेराव्या वर्षी, बार्सेलोनातील जुन्या स्वरलिपींच्या दुकानात या स्वीटची ग्रूट्समाखर-आवृत्ती मिळाली. सु. बारा वर्षे त्यांचा सराव केल्यानंतरच त्याने त्या जाहीरपणे वाजविण्याचे धाडस केले. सुटी नृत्ये वाजविण्याची प्रथा मोडून तो संपूर्ण स्वीट सादर करी. १९३६ ते १९३९ या काळात त्याने सहाही स्वीट ध्वनिमुद्रित केले. या ध्वनिमुद्रिकांमुळे ते जगभर पोहोचले. पुढे डच वादक आनर बिल्स्मा याने जुन्या पद्धतीचे वाद्य व गज वापरून नृत्यलयीवर भर देणारी निराळी परंपरा पुढे आणली. बर्लिनची भिंत खुली झाल्यावर नोव्हेंबर १९८९ मध्ये म्स्तिस्लाव्ह रस्त्रपोव्हिच याने तिच्यापाशी बसून बाखचे संगीत वाजविले. यो-यो मा याने २०१८ पासून जगाच्या विविध भागांत सहाही स्वीट एकाच बैठकीत सादर करण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यातील एक कार्यक्रम २०१९ मध्ये मुंबईत झाला.

मूळ संहितेच्या अभावी या रचनांचा अंतिम पाठ सिद्ध होणे कठीण आहे. तथापि त्यामुळेच प्रत्येक पिढीतील वादकांना जुन्या नकलांकडे पुन्हा वळावे लागले आणि अभ्यासपाठ समजल्या गेलेल्या या कृती सतत नव्याने अर्थ लावल्या जाणाऱ्या संगीतात गणल्या जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकाला साथीविना अपुरे वाटलेले हे संगीत आज एका वाद्याच्या आवाजातच परिपूर्ण मानले जाते.