ज्यू धर्मग्रंथांवरील राबींचीं हस्ताक्षरें

जुन्या ग्रंथाची योग्यता मजकुराइतकीच त्यावरील हस्ताक्षरांतहि असते. प्राग येथील ज्यूंचे मुख्य धर्मगुरु (राबी) डेव्हिड ओपेनहाइम (१६६४–१७३६) यांचा हिब्रू ग्रंथसंग्रह सरकारी ग्रंथतपासणीच्या भयास्तव हॅनोव्हर येथें ठेवावा लागला. सुमारें ७८० हस्तलिखितांसह तो इ. स. १८२९ त ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानें ९,००० थालरांस घेतला. संग्रह असे हातोहात फिरले, म्हणजे ग्रंथाची वंशावळ पानांवरील लेखांतच उरते.

राबी सहींत बहुधा पित्याचेंहि नांव घालतात. परंतु मध्य व पूर्व युरोपांतील अश्केनाझी ज्यू दिवंगत आजोबांचें नांव नातवास ठेवितात. त्यामुळें एकाच घराण्यांत तींच नांवें परत येतात. बाळाजी विश्वनाथ व बाळाजी बाजीराव यांचीं पत्रें चाळणारास ही अडचण नवी नाहीं. म्हणून गांव, साल व अक्षराचें वळण ताडून पाहिल्यावांचून सही कोणाची हें ठरवूं नये.

इटलींतील अनेक हिब्रू ग्रंथांच्या अखेरीस डोमेनिको इरोसोलिमितानो या तपासनिसाची सही आढळते. ती राबीची नसली तरी जपावी. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास ग्रंथ कोठें होता, हें ती सांगते. नवी बांधणी करवितांना कडा कापूं देऊं नयेत. बोटभर कागदाबरोबर साक्षीदार जातो.