माळ्यावर काय टाकायचे?

परवा नातू माझे जुने फोटो दाखवत होता. म्हणाला, "आजोबा, ज्यांना तुम्ही बरेच दिवस हात लावला नाही ते आपोआप स्वस्त साठवणीत जातात. मागितले की परत येतात, थोडा वेळ लागतो इतकंच." मला हे अगदी नवे वाटले. शोधत बसलो, तर मूळ निघाले १९६२ सालचे!

त्या वर्षी मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी 'ॲटलस' नावाचा संगणक सुरू केला. त्याची वेगवान स्मृती बारीक चुंबकी कड्यांची, फार महाग, म्हणून जेमतेम सोळा हजार शब्दांची. स्वस्त साठवण म्हणजे फिरते ड्रम, ९६ हजार शब्दांचे, पण हजारो पटींनी मंद. तोवर काय कुठे ठेवायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच पाहावे लागे. ॲटलसने ५१२ शब्दांचे एकेक 'पान' केले आणि ही ने-आण स्वतःकडे घेतली. वर एक पान नेहमी रिकामे ठेवायचे, म्हणजे आलेला पाहुणा दारात ताटकळत नाही.

आता खाली कोणाला पाठवायचे? मला खरी गंमत इथे वाटली. यंत्र प्रत्येक पानाची सवय लक्षात ठेवी: शेवटचे केव्हा वापरले, आणि त्याआधी किती काळ पडून होते. त्या मागच्या विश्रांतीपेक्षा जास्त वेळ पडून राहिले, की त्याचे काम संपले असे धरायचे. पुढे १९७४ मध्ये आयबीएमने तबकडी आणि टेप यांच्यात अशीच ये-जा करणारे प्रचंड यंत्र आणले. त्यात टेपच्या नळ्या पोळ्यासारख्या कप्प्यांत असत.

हे वाचताना माझे दप्तर आठवले. शाळेतले कपाट भरले, तेव्हा मी एकच नियम केला: पाच वर्षे उघडले नाही ते माळ्यावर. त्यात जुनी जनरल रजिस्टरेही गेली. अहो, त्या रजिस्टराची सवयच मुळी तीस-चाळीस वर्षांनी एकदा लागण्याची! ॲटलसमध्ये खाली गेलेले पान मागताच वर येई. माझ्या माळ्यावर वाळवी होती.

निवृत्तीला आलेला एक माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आला. रजिस्टर उतरवले. त्याच्या ओळीत नाव शाबूत होते, तारखेच्या जागी भोक. "असू द्या सर," म्हणाला, आणि हातावरची माती झटकून गेला.