खानदेशाची राजधानी

खानदेश म्हटलं की लोकांना जळगाव, धुळे, नंदुरबार आठवतं. बुऱ्हाणपूर आठवत नाही. आणि फारुकी सुलतानांनी सुमारे दोनशे वर्षं जिथून खानदेशावर राज्य केलं, ते शहर हेच! प्रांताचं नाव महाराष्ट्रात राहिलं, राजधानी मध्य प्रदेशात गेली. हे कधी झालं, असं आमच्या इतवाऱ्यात कुणालाही विचारा, उत्तर येतं, "छप्पन साली." मला हे उत्तर अपुरं वाटतं.

थोडं मागे जाऊ. नासिरखान फारुकीनं १४०० च्या सुमारास तापीकाठी हे शहर वसवलं आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. समोरच्या काठावर जैनाबाद. या नावावरून आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास फसतात. ते नाव जैनांवरून नाही, संत जैनुद्दीन यांच्यावरून आहे. इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचं राज्य संपलं. तरी दख्खनच्या मोहिमांचं ठाणं म्हणून शहराचं महत्त्व वाढतच गेलं. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनं शहराबाहेरचं बहादूरपुरा लुटलं, ते तिथल्या श्रीमंतीमुळेच. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामानं हे शहर मराठ्यांना दिलं, आणि मग ते शिंद्यांकडे आलं.

खरी फाटाफूट इथून सुरू होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांनी घेतला आणि तो मुंबई इलाख्यात गेला. बुऱ्हाणपूर मात्र शिंद्यांकडेच राहिलं. १८६० मध्ये तेही इंग्रजांना मिळालं, पण तोवर तिकडचा कारभार वेगळा बसला होता. त्यांनी शहर निमाड जिल्ह्याला जोडलं आणि हा जिल्हा पुढे मध्य प्रांतात आला. एकाच मुलखाचे दोन तुकडे वेगवेगळ्या वर्षी हाती आले, म्हणून वेगवेगळ्या दप्तरांत गेले. रयतेची भाषा काय, सोयरीक कुठे, हे कुणी विचारलं नाही.

मग छप्पन साली काय झालं? तोवर आमची राजधानी नागपूर होती. मराठीत अर्ज लिहिला तर वाचणारा तिथे होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड मागे राहिला आणि राजधानी भोपाळ झाली. सीमा जुनीच होती. तुटला तो मराठीचा सरकारी आधार.

आजही रावेर, भुसावळ इथून हाकेच्या अंतरावर. मुली तिकडे देतो, सुना तिकडून आणतो. पण तिकडच्या मुलांना बुऱ्हाणपूर परराज्यातलं वाटतं आणि इथल्या मुलांना खानदेश. दोन्हीकडच्या पोरांना निदान १८१८ आणि १८६० ही दोन सालं सांगायला हवीत. नाहीतर आपल्याच गावात आपण पाहुणे आहोत, असं ती धरून चालतील.