बाष्प-उत्सर्जन नियंत्रण यंत्रणेतील बिघाड व घरगुती दुरुस्ती (बुलढाणा जिल्हा)

पेट्रोलच्या टाकीत तयार होणारी वाफ हवेत न सोडता इंजिनाकडे नेऊन जाळणाऱ्या व्यवस्थेला बाष्प-उत्सर्जन नियंत्रण यंत्रणा म्हणतात. गॅरेजमध्ये ती ‘इव्हॅप’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात बिघाड झाला की उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो, टाकी भरल्यावर गाडी लवकर चालू होत नाही, चालती गाडी मध्येच बंद पडते किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो. यांतील पुष्कळसे दोष झाकण, नळी, क्लिप किंवा वायरचा जोड अशा स्वस्त भागांचे असतात. थोडी काळजी घेतली तर ते घरी ओळखता येतात आणि बऱ्याचदा घरीच दुरुस्तही होतात. डिझेलची वाफ फारच कमी होत असल्याने ट्रॅक्टर व डिझेल गाड्यांना ही यंत्रणा नसते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलची टाकी असेल, तर मात्र ती असते.

स्थानिक परिस्थिती. बुलढाणा जिल्ह्याचे १३ तालुके बोलीत घाटावरचे आणि घाटाखालचे असे विभागले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील भाग बराच सखल आहे. घाटाखाली मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची टाकी तापली की पेट्रोलची वाफ झपाट्याने वाढते. मलकापूरहून राजूर घाट चढताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, तेव्हा टाकीतली वाफ आणखी जोराने बाहेर पडू पाहते. शेतरस्त्यांची धूळ, पावसाळ्यातली चिकट काळी माती आणि कुटाराच्या खोलीशेजारी गाडी उभी असेल तर उंदरांचा उपद्रव, ही बिघाडाची आणखी काही कारणे होत.

रचना व कार्य. टाकीचे झाकण रबरी सीलमुळे घट्ट बसते. वाफ बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे कॅनिस्टरकडे जाणारी नळी. कॅनिस्टर हा सक्रिय कोळशाचे दाणे भरलेला प्लास्टिकचा डबा असतो. या कोळशात इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमचे आतले पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरते. गाडी उभी असताना वाफ या छिद्रांत धरून ठेवली जाते. इंजिन चालू होऊन तापले की गाडीचा संगणक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. मग इंजिनाच्या ओढीने कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडातून ताजी हवा आत येते, साठलेली वाफ कोळशातून सुटते आणि सिलिंडरमध्ये जळून जाते. कोळसा पुन्हा मोकळा होतो. यंत्रणा धड असेल तर तोच कोळसा वर्षानुवर्षे टिकतो.

मानके. मोटारींतून सुटणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून सूर्यप्रकाशात ओझोन तयार होतो, हे कॅलिफोर्नियात काम करणारे शास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. त्यानंतर बाष्प नियंत्रण कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि सर्व अमेरिकेत १९७१ च्या गाड्यांपासून सक्तीचे झाले. भारतात भारत स्टेज ४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. चाचणीसाठी गाडी बंदिस्त खोलीत ठेवून, तापमान वाढवून, सुटलेली वाफ मोजतात. भारत स्टेज ६ मध्ये एका चाचणीत मोटारीला २ ग्रॅम, तर दुचाकीला १.५ ग्रॅम एवढीच मुभा आहे. पुण्याची ‘एआरएआय’ (स्थापना १९६६) ही वाहनांच्या उत्सर्जनाची चाचणी घेणारी देशातील प्रमुख संस्था आहे.

बिघाडाची कारणे. सर्वांत टाळता येण्याजोगे कारण म्हणजे टाकी काठोकाठ भरण्याची सवय. पंपावरची नोझल आपोआप बंद झाल्यावरही रक्कम पूर्ण करण्यासाठी आणखी पेट्रोल सोडले, तर वाफेसाठी ठेवलेली मोकळी जागा भरून जाते आणि पातळ पेट्रोल नळीतून कॅनिस्टरमध्ये शिरते. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही. त्याचे दाणे फुटून चुरा होतात, हा चुरा पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. दुसरे कारण रबराचे वय. उन्हाने नळ्या कडक होतात आणि तोंडापाशी चिरतात. पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल मिसळल्यानेही बाष्पदाब वाढतो, आणि जुन्या गाड्यांतील काही रबरांना ते मानवत नाही. १ एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेले असतात. त्याआधीच्या गाडीच्या नळ्या अधिक वेळा पाहाव्यात. तिसरे कारण कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडावर बसलेला धुळीचा किंवा मातीचा थर.

सुरक्षितता. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून हे काम अंगणात, सावलीत, इंजिन थंड असताना करावे. चूल, देवापुढचा दिवा, विडी, इन्व्हर्टर आणि चालू मोटरपंप यांपासून गाडी लांब असावी. संकेतांक वाचणे आणि इंजिन चालू ठेवून करायची तपासणी सोडल्यास एरवी बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. टाकी अर्ध्याहून कमी भरलेली असेल तेव्हा काम करणे बरे. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

घरगुती तपासणी. सुरुवात झाकणापासून करावी. झाकण काढून त्याची काळी रबरी कडी उजेडात फिरवून पाहावी. केसाएवढी चीर, एका बाजूला चपटलेला भाग किंवा चिकटलेला मातीचा कण एवढेही गळतीला पुरते. कडी आणि टाकीच्या तोंडाची किनार कोरड्या सुती कापडाने पुसावी आणि झाकण ‘कट-कट’ आवाज येईपर्यंत फिरवावे. सील चिरले असेल तर त्याच मॉडेलचे नवे झाकण घ्यावे.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्टिअरिंगखालच्या जोडणीला ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर संकेतांक वाचता येतो. पी०४४३, पी०४४४, पी०४५८ आणि पी०४५९ हे पर्ज व्हॉल्व्हच्या विद्युत जोडणीचे दोष दाखवतात. पी०४४१ वाफेच्या प्रवाहाचा. पी०४४२, पी०४५५ आणि पी०४५६ अनुक्रमे लहान, मोठ्या आणि अतिसूक्ष्म गळतीचा. अमेरिकी नियमांत सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही गाडीने स्वतः ओळखावी लागते. युरोपीय धर्तीच्या भारतीय नियमांचा किमान आग्रह पर्ज व्हॉल्व्हचे विद्युतमंडल तपासण्याचा आहे. त्यामुळे आपल्याकडे नळी चिरली तरी दिवा लागेलच असे नाही. नाक आणि डोळे वापरावेच लागतात.

त्यानंतर टाकीपासून कॅनिस्टरपर्यंत आणि कॅनिस्टरपासून इंजिनापर्यंत प्रत्येक नळी बोटांनी चाचपावी. वाकवल्यावर चीर उघडते का, क्लिप सैल आहे का, उंदराने कुरतडले आहे का, हे पाहावे. जोडाभोवतीचा ओलसर काळपट डाग म्हणजे गळतीची खूण.

पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या हवेच्या मार्गाजवळ असतो. इंजिन चालू करून, पण ते थंड असतानाच, कॅनिस्टरकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावे. सतत ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. टाकी भरल्यावर गाडी चालू न होण्याचे हे नेहमीचे कारण. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह गाडीपासून दूर न्यावा आणि मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. तो सामान्यतः १५ ते ३५ ओहमच्या दरम्यान भरतो, नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळतो. १२ व्होल्ट दिल्यावर ‘टिक’ आवाज येऊन हवा आरपार जायला हवी आणि वीज काढताच ती अडायला हवी. हवा तोंडाने फुंकू नये. रबरी फुगा वापरावा.

दुरुस्ती. चिरलेली नळी बदलताना पेट्रोलसाठीच बनवलेली, त्याच आतल्या व्यासाची नळी घ्यावी. ठिबकची नळी, लेव्हलचा पारदर्शक पाइप किंवा सायकलची ट्यूब लावू नये; पेट्रोलने त्या कडक होतात, फुगतात किंवा वाफ झिरपू देतात. चिकटपट्टी व एम-सील हेही तात्पुरतेच उपाय. जुनी नळी ओढून न काढता तोंडापाशी हलकेच फिरवून सोडवावी, नाहीतर कॅनिस्टरचे प्लास्टिकचे तोंड मोडते. हवेच्या तोंडावरची माती मऊ ब्रशने झाडावी; पाण्याचा फवारा आत मारू नये. पेट्रोलने भिजलेला कॅनिस्टर उन्हात वाळवून पूर्ववत होत नाही, तो बदलावाच लागतो. दोष दूर झाल्यावर लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष झाल्या की दिवा सामान्यतः आपोआप विझतो.

दुचाकी. जिल्ह्यात दुचाकीचा वापर मोठा असल्याने हा भाग महत्त्वाचा आहे. दुचाकीचा कॅनिस्टर मुठीएवढा असून चौकटीला किंवा सीटखाली बसवलेला असतो. टाकीकडून येणारी नळी दुमडली किंवा मातीने तुंबली की आत हवा शिरत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि काही किलोमीटरनंतर गाडी बंद पडते. झाकण उघडताच ‘सूं’ आवाज होऊन ती पुन्हा चालू झाली, तर दोष हाच समजावा. नळी सरळ करून तिचे तोंड मोकळे केले की भागते.

करू नये असे उपाय. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा टाकीत सोडली तर सील फुटतात. गळती शोधायला उदबत्तीचा किंवा विडीचा धूर वापरणे जीवघेणे आहे. कार्यशाळेतील धूर-चाचणी अत्यंत कमी दाबाच्या, नियंत्रित धुराने होते; नळ्या व झाकण ठीक असूनही वास येत राहिला, किंवा टाकी उतरवावी लागणार असली, तर तिथेच जावे. कॅनिस्टर काढून नळी मोकळी सोडल्याने मायलेज वाढते हा समज खोटा आहे. जी वाफ जळून गाडी ओढणार, तीच त्यामुळे हवेत जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात परवानगीवाचून असे फेरफार करण्यास मनाई आहे.

पीयूसी व मालकाची जबाबदारी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार होणाऱ्या पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. टाकीतून सुटणारी वाफ त्यात येत नाही. म्हणजे एमएच २८ (बुलढाणा) क्रमांकाची एखादी गाडी पीयूसीत पास होऊनही रोज थोडे थोडे पेट्रोल हवेत सोडत असू शकते. त्या वाफेत कर्करोगाला कारणीभूत ठरणारे बेंझीन असते, आणि गाडी घराला लागून उभी असेल तर ते घरच्यांच्याच श्वासात जाते. हा दोष शोधणारी कोणतीही नियमित सरकारी तपासणी नसल्याने तो शोधणे व दुरुस्त करणे सर्वस्वी मालकाच्या हाती आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर झाकण, नळ्या व हवेचे तोंड पाहावे, आणि पंपावर नोझल बंद झाली की तिथेच थांबावे. एवढे पाळले तर हा बिघाड सहसा दुरुस्तीपर्यंत जात नाही.