मोड आणि घाट
उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या सराफांकडे जुना दागिना येतो तो बहुधा मोड म्हणून. कस पाहायचा, लाख आणि डाकाची, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूची, घट वजा करायची, दिवसाचा भाव लावायचा आणि नग मुशीत टाकायचा. घडणीला या हिशेबात किंमत नाही. त्यामुळे नग संपतात. उरतो तो घाट, म्हणजे दागिन्याचा आकार.

घाटांचा या पट्ट्यातला सर्वांत जुना साठा दगडात आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहार राजा माम्वाणीच्या कारकिर्दीतले, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे. त्याच्या भिंतींवरील मूर्तींच्या अंगावर हार, केयूर, मेखला, नूपुर आहेत. १८६८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पथकाने तिथल्याच टेरी यांच्या देखरेखीखाली मंदिराची रेखाटने केली आणि साचे घेतले. पण दगड फक्त बाहेरचा आकार दाखवतो. डाक कुठे लागला, कडी कशी अडकवली, पत्रा किती पातळ, हे त्यावरून कळत नाही.

ते कळते मोडीतूनच. वितळवण्याआधी नग सोडवावा लागतो, आणि तिथेच शिकाऊ सोनाराची खरी शाळा भरते. ठुशीचे मणी उकलले की पटवेकऱ्याची ओवण दिसते. पोकळ पाटली कापली की आतली लाख आणि पत्र्याची जाडी दिसते. दुकानातला केरही वाया जात नसे. झारेकरी तो धुऊन सोन्याचे कण काढत.

खेड्यातल्या कुणबी, आगरी आणि ठाकूर घरांत सोन्यापेक्षा चांदी अधिक. १८३५ पासून चाललेला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि सुमारे ९१.७ टक्के शुद्ध. सोनाराला तो वजन म्हणूनही चाले आणि कच्चा माल म्हणूनही. कड्या लावल्या की त्याचीच माळ होई.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. सोबत आणता आलेले सोने अनेक कुटुंबांचे पहिले भांडवल ठरले. सिंधमध्ये घडलेले दागिने इथे विकले गेले. नकली मालावरून ज्या गावाची चेष्टा होते, त्याच्या उभारणीत असे अस्सल सोने मोडले आहे.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि नवा दागिना १४ कॅरटपेक्षा शुद्ध घडवण्यास बंदी झाली. देशभर सोनारांची उपासमार झाली. १९६६ मध्ये ही अट उठली, पण १९६८ च्या कायद्याने परवाने आणि नोंदवह्यांचा जाच कायम ठेवला. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

१६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. ग्राहक बिनशिक्क्याची मोड विकू शकतो, पण सराफाला तोच नग शिक्क्याविना पुन्हा विकता येत नाही. जुन्या सोन्याचा मुशीकडचा रस्ता त्यामुळे आणखी सरळ झाला. चांदीला ही सक्ती लागली नाही. म्हणून जुने वाळे, तोडे, कंबरपट्टे अजून हाती लागतात, आणि नवा कारागीर ते उलटे करून पाहतो: हाताने लावलेला डाक, ठशाची किंचित सरकलेली खूण, घासून पातळ झालेली कडी. यंत्राने ओतलेल्या नगात ठशाची अशी खूण नसते. त्यात पुष्कळदा बारीक छिद्रे असतात.