साधन आणि संकेत : सॉफ्टवेअर उभारणी व देखरेखीच्या स्वयंचलनाचा इतिहास (१९७६ ते २०२५)

सारांश

सॉफ्टवेअर तयार करणे, ते सर्व्हरवर बसविणे आणि त्यावर देखरेख ठेवणे या तीन कामांसाठी १९७६ पासून अनेक स्वयंचलित साधने निर्माण झाली. त्यांपैकी कोणते निवडावे हा प्रश्न सामान्यतः गुणवैशिष्ट्यांची तुलना करून सोडविला जातो. प्रस्तुत लेखात मेक, हडसन, नागिओस, डॉकर, पपेट व टेराफॉर्म या साधनांच्या इतिहासाच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, साधनाचे गुण, मालक आणि प्रसंगी नावही बदलते. वापरकर्त्याचे श्रम ज्या संकेतात लिहिले जातात तो संकेत मात्र टिकण्याची शक्यता अधिक असते. म्हणून निवडीचा पहिला निकष संकेत हा असावा.

बीजशब्द : डेव्हऑप्स, डिप्लॉयमेंट, मॉनिटरिंग, मुक्तस्रोत, परवाना, संकेत.

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेच्या संगणकांनी बाजार उघडताच अनपेक्षित सौदे करण्यास प्रारंभ केला. सुमारे ४५ मिनिटांत संस्थेचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशात या घटनेचे कारण नोंदविले आहे. नवे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर बसवावयाचे होते. तंत्रज्ञाने ते सात सर्व्हरवर बसविले, आठवा राहून गेला आणि त्या सर्व्हरवरील जुनी, वापरातून गेलेली आज्ञावली पुन्हा जागी झाली. हे काम दुसऱ्या कोणी तपासावे असा नियम संस्थेत नव्हता. बाजार उघडण्यापूर्वी संस्थेच्या अंतर्गत यंत्रणेने त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल संदेश पाठविले होते; परंतु ते धोक्याची सूचना म्हणून योजलेले नसल्याने त्यांची दखल घेतली गेली नाही.

या एका घटनेत दोन उणिवा एकत्र आल्या. सॉफ्टवेअर बसविण्याचे काम हाताने झाले आणि देखरेख नावापुरती राहिली. या दोन्ही कामांसाठी साधने त्या वेळी उपलब्ध होती. त्यामुळे साधनांची निवड हा केवळ तांत्रिक सोयीचा विषय नसून संस्थेच्या अस्तित्वाशी निगडित प्रश्न आहे, असे म्हणावे लागते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

स्वयंचलनाच्या साधनांच्या वाटचालीचे टप्पे स्पष्ट करणे, त्यांच्या मालकीवरून व परवान्यावरून झालेल्या संघर्षांचे परिणाम तपासणे आणि त्यातून निवडीचे निकष मांडणे ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखात ‘संकेत’ हा शब्द विशिष्ट अर्थाने वापरला आहे. साधन आणि त्याचा वापरकर्ता यांच्यात जी लेखनरीती किंवा देवाणघेवाणीची पद्धत ठरते, तिला येथे संकेत म्हटले आहे.

प्रारंभीचा टप्पा : मेक ते सीएफइंजिन

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ ही आज्ञावली लिहिली. एका सहकाऱ्याने दुरुस्त केलेली फाइल पुन्हा संकलित न केल्यामुळे, वस्तुतः बरोबर असलेल्या आज्ञावलीतील चूक शोधण्यात त्याचा वेळ वाया गेला होता. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे आणि पुढचे काम यंत्राने करावे, ही मेकची कल्पना होय. तिच्या लेखनरीतीत आज्ञेच्या ओळीचा प्रारंभ टॅबनेच व्हावा असा नियम होता. तो गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले. परंतु तोवर सुमारे डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांचे लेखन मोडू नये म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. बारा-पंधरा जणांसाठी राखलेला तो टॅब आजही मेकफाइल लिहिणाऱ्या प्रत्येकास पाळावा लागतो. संकेत किती चिवट असतो याचे हे पहिले उदाहरण मानता येईल.

मेकने एका संगणकावरील काम सोपे केले. अनेक संगणक एकसारख्या स्थितीत ठेवण्याचा प्रश्न पुढे आला. ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ साली त्यासाठी ‘सीएफइंजिन’ रचले. कोणकोणत्या पायऱ्यांनी जावे हे न सांगता अंतिम स्थिती कशी असावी हे लिहावे, ही त्यामागील दृष्टी पुढील अनेक साधनांनी स्वीकारली. ल्यूक केनीज यांचे पपेट (२००५) हे त्यांपैकी ठळक होय. २००९ साली शेफ आणि २०१२ साली मायकेल डीहान यांचे अॅन्सिबल ही साधने आली.

याच सुमारास या कामाला सामूहिक नाव मिळाले. जून २००९ मध्ये फ्लिकरचे जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड यांनी दिवसातून दहाहून अधिक वेळा नवे सॉफ्टवेअर बसविण्याची आपली पद्धत एका परिषदेत मांडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक दबुआ यांनी बेल्जियममधील गेंट शहरात ‘डेव्हऑप्सडेज’ ही परिषद भरविली. सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालविणारे यांनी एकत्र काम करावे, हा विचार तेव्हापासून डेव्हऑप्स या नावाने ओळखला जाऊ लागला.

मालकीचे संघर्ष : हडसन आणि नागिओस

सन मायक्रोसिस्टिम्समधील कोहसुके कावागुची यांनी तयार केलेले ‘हडसन’ २००५ साली प्रसिद्ध झाले. सोर्स कोडमध्ये बदल होताच चाचण्या आपोआप घेणे हे त्याचे काम. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. प्रकल्पाचे कामकाज कोठे चालावे यावरून त्याच वर्षाच्या अखेरीस वाद उद्भवला आणि ‘हडसन’ या नावावर ओरॅकलने हक्क सांगितला. जानेवारी २०११ मध्ये समुदायाने २१४ विरुद्ध १४ मतांनी ‘जेंकिन्स’ हे नवे नाव स्वीकारले. ओरॅकलने पुढे हडसन एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविले. परंतु त्याचा विकास कालांतराने थांबला आणि जेंकिन्स वाढत राहिले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कामांची लेखनरीती आणि प्लगइन जोडण्याची पद्धत तीच राहिल्याने हडसनकडून जेंकिन्सकडे येणाऱ्या संस्थांना आपले श्रम टाकून द्यावे लागले नाहीत.

देखरेखीच्या क्षेत्रात ‘नागिओस’चा इतिहास असाच बोलका आहे. ईथन गॅलस्टाड यांचे हे साधन १९९९ साली नेटसेंट या नावाने आले व २००२ साली नागिओस झाले. विकासाच्या मंद गतीबद्दल असमाधान वाढल्याने मे २००९ मध्ये ‘आयसिंगा’ हा फाटा निघाला. मुक्तस्रोत व्यवसायात अशा फाट्याला फोर्क म्हणतात. जानेवारी २०१४ मध्ये प्लगइनच्या संकेतस्थळाच्या ताब्यावरून वाद होऊन ते लिहिणाऱ्या गटाने ‘मॉनिटरिंग प्लगइन्स’ हे स्वतंत्र नाव घेतले. ‘नेमॉन’ हा आणखी एक फाटाही निघाला. तथापि या सर्वांत एक संकेत समान राहिला. तपासणी करणाऱ्या छोट्या आज्ञावलीने एक ओळ मजकूर द्यावा आणि शेवटी ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे गंभीर व ३ म्हणजे अज्ञात यांपैकी एक अंक परत करावा. एखाद्या संस्थेने २००५ साली स्वतःसाठी लिहिलेली तपासणी या चारही गटांच्या भांडणातून सुखरूप बाहेर पडू शकली, ती या चार अंकांच्या आधाराने.

संकेताचे संस्थीकरण : डॉकर

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ सादर केले. आज्ञावली व तिला लागणारे सर्व घटक एका पेटीत बंद करून कोणत्याही सर्व्हरवर चालविण्याची ही सोय अल्पावधीत लोकप्रिय झाली. तिच्यावर एकाच कंपनीचे नियंत्रण राहू नये यासाठी जून २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली पेटीच्या रचनेचे खुले मानक ठरविणारी संस्था स्थापन झाली. त्या दूरदृष्टीचे फळ पुढे दिसले. पेट्यांचे व्यवस्थापन करणाऱ्या कुबरनेटीस प्रणालीने डिसेंबर २०२० मध्ये डॉकरशी असलेला थेट सांधा सोडण्याचे जाहीर केले व मे २०२२ मधील आवृत्तीत तो काढून टाकला. या घोषणेने अनेकांना चिंता वाटली. परंतु डॉकरने बांधलेल्या पेट्या खुल्या मानकानुसार असल्याने त्या पूर्ववत चालू राहिल्या.

परवान्याचा प्रश्न : टेराफॉर्म आणि पपेट

हॅशिकॉर्प कंपनीचे ‘टेराफॉर्म’ जुलै २०१४ मध्ये मुक्तस्रोत परवान्यासह आले. सर्व्हर, जाळे व साठवण यांची मांडणी मजकुरात लिहून ठेवणे आणि त्यानुसार ती उभारणे हे त्याचे कार्य. १० ऑगस्ट २०२३ रोजी कंपनीने पुढील आवृत्त्यांसाठी परवाना बदलला आणि कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या सेवांमध्ये त्यांच्या वापरावर बंधन आणले. अवघ्या काही आठवड्यांत, सप्टेंबर २०२३ मध्ये, लिनक्स फाउंडेशनने ‘ओपनटोफू’ हा फाटा स्वीकारला व जानेवारी २०२४ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. मूळ भाषाच कायम ठेवल्याने तेव्हा अस्तित्वात असलेले लेखन फारशा बदलाविना नव्या साधनावर चालले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयबीएमने हॅशिकॉर्पची खरेदी पूर्ण केली.

पपेटच्या बाबतीतही हेच घडले. २०२२ साली परफोर्स कंपनीने ते विकत घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तयार आवृत्त्यांच्या खुल्या वितरणावर मर्यादा येणार असल्याचे जाहीर होताच समुदायाने ‘ओपनव्हॉक्स’ हा फाटा काढला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची आवृत्ती प्रसिद्ध केली.

प्रतिवादाचा विचार

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. संकेत टिकतोच असे नाही; पपेट, शेफ व अॅन्सिबल यांच्या लेखनरीती परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या संस्थेला सर्व लेखन नव्याने करावे लागते. हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्यातून मूळ मुद्दाच दृढ होतो. जेथे एक संकेत पाळणारी दोन साधने आहेत तेथे मालक बदलला तरी वापरकर्ता मोकळा राहतो. जेथे तशी स्थिती नाही तेथे साधन सोडण्याची किंमत त्याच्या गुणांपेक्षा जड होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. खुला संकेत माणसाचे लक्ष निर्माण करू शकत नाही. नाइट कॅपिटलमध्ये यंत्रणेने ९७ वेळा संदेश दिला होता. तो कोणी वाचावयाचा हे ठरलेले नव्हते.

निष्कर्ष

१. साधनांची गुणवैशिष्ट्ये काही वर्षांत एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून केवळ त्यांच्या तुलनेवर केलेली निवड अल्पजीवी ठरते.

२. निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत : संस्थेचे लेखन कोणत्या संकेतात साठणार आहे, साधनाचे नाव व परवाना कोणाच्या हाती आहे, आणि तोच संकेत पाळणारे दुसरे साधन उपलब्ध आहे किंवा निर्माण होऊ शकते काय.

३. देखरेखीच्या साधनाची निवड करतानाच सूचना कोणाकडे जाईल व त्याने काय करावयाचे हे लिखित स्वरूपात ठरविले जावे.

४. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात विशिष्ट साधनांच्या नावांपेक्षा त्यांमागील संकेतांना अधिक स्थान असावे. जो विद्यार्थी केवळ हडसनची बटणे शिकला, त्याचे ज्ञान हडसनबरोबर संपले. जो तपासणीचे चार अंक शिकला, त्याचे ज्ञान आजही उपयोगी आहे.