मराठीतील नकारार्थी कर्मणी रचना

मराठीतील नकारार्थी कर्मणी रचना म्हणजे ज्या वाक्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते आणि त्याच क्रियापदाला नकाराची जोड असते, अशी वाक्यरचना. या रचनेत शक्यता, परवानगी, कर्तव्य, मनाई यांसारखे अर्थही मिसळतात. तेव्हा नकार नेमका कशाचा आहे, क्रियेचा की त्या क्रियेच्या शक्यतेचा वा सक्तीचा, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. कायदे, शासकीय सूचना, परीक्षांचे नियम आणि इंग्रजीतून होणारी भाषांतरे यांत या भेदावर वाक्याचा अर्थ अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

मराठी व्याकरणात होकारार्थी वाक्यांना करणरूपी आणि नकारार्थी वाक्यांना अकरणरूपी असेही म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्तरी, कर्मणी व भावे या प्रयोगांची चर्चा या परंपरेत झालेली आहे. शालेय व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे शक्य कर्मणी, समापन कर्मणी, नवीन कर्मणी इत्यादी उपप्रकार शिकवले जातात. भूतकालवाचक धातुसाधिताला 'जाणे' हे सहाय्यक क्रियापद जोडून नवीन कर्मणी तयार होते. 'अर्ज स्वीकारला गेला' हे त्याचे उदाहरण. हा प्रयोग इंग्रजीच्या प्रभावाने रूढ झाल्याचे मानले जाते.

इंग्रजीशी तुलना

इंग्रजीत अशा वाक्यांची बाह्य रचना एकसारखी असते : आधी अर्थवाचक सहाय्यक क्रियापद, मग 'नॉट', त्यानंतर 'बी' आणि शेवटी धातुसाधित. नकाराची जागा बदलत नसली तरी त्याची व्याप्ती बदलते. 'मस्ट नॉट बी' म्हणजे मनाई. येथे सक्ती कायम राहते आणि नकार क्रियेला लागतो. 'नीड नॉट बी' म्हणजे गरज नसणे. येथे नकार सक्तीलाच लागतो. 'कॅनॉट बी' मध्ये शक्यता नाकारली जाते. 'मे नॉट बी' मात्र द्व्यर्थी आहे. त्याचा अर्थ 'कदाचित होणार नाही' असाही होतो आणि 'होण्यास परवानगी नाही' असाही होतो.

मराठीत हे भेद नकारवाचक शब्द आणि क्रियापदाचे रूप यांतून उघड दिसतात :

- मनाई : अर्ज स्वीकारला जाऊ नये.
- कडक मनाई : अर्ज स्वीकारला जाता कामा नये.
- गरज नसणे : अर्ज स्वीकारला जाण्याची आवश्यकता नाही; अर्ज स्वीकारलाच पाहिजे असे नाही.
- अशक्यता किंवा परवानगीचा अभाव : अर्ज स्वीकारला जाऊ शकत नाही, अर्ज स्वीकारता येणार नाही.
- क्रिया न घडण्याची शक्यता : अर्ज कदाचित स्वीकारला जाणार नाही, अर्ज न स्वीकारला जाण्याची शक्यता आहे.
- घडून गेलेल्या गोष्टीबद्दल नापसंती : अर्ज स्वीकारला जायला नको होता.

त्यामुळे 'मे नॉट बी' चे भाषांतर करताना संदर्भ पाहून वरीलपैकी एकच रूप निवडावे लागते. प्रत्येक ठिकाणी 'जाऊ शकत नाही' वापरल्यास केवळ संभाव्य असलेली गोष्ट पूर्णपणे अशक्य ठरते.

'नये' आणि मूळ कर्मणी प्रयोग

'करावे' या विध्यर्थी रूपाचा नकार 'करू नये' असा होतो. 'मुलांनी फुले तोडू नयेत' या वाक्यात कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय आहे आणि 'फुले' या अनेकवचनी कर्मामुळे 'नयेत' हे रूप आले आहे. म्हणजेच हे वाक्य मुळातच कर्मणी आहे. कर्ता गाळून 'फुले तोडू नयेत' असे लिहिले तरी अर्थ पूर्ण राहतो. 'फुले तोडली जाऊ नयेत' हे रूप व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी साध्या सूचनेसाठी त्याची गरज भासत नाही.

कर्माला प्रत्यय लागल्यास भावे प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही : 'मुलांनी कुत्र्यांना मारू नये'. येथे 'नयेत' होत नाही. याउलट 'सूचना दिल्या जाऊ नये' हे लेखनात आढळणारे रूप सदोष आहे. सूचना अनेक असल्याने प्रमाण लेखनात 'दिल्या जाऊ नयेत' असे हवे.

शक्य कर्मणीचा नकार

'आजीला आता पायऱ्या चढवत नाहीत' या वाक्यात क्षमतेचा अर्थ 'चढवणे' या शक्यार्थी रूपातच सामावलेला आहे. त्यामुळे 'शकणे' हे वेगळे क्रियापद लागत नाही आणि नकार थेट क्षमतेला लागतो. या रचनेत नियम किंवा मनाई यांचा अर्थ नसतो. 'चढता येत नाहीत' या रचनेत मात्र अक्षमता, बाहेरचा अडथळा किंवा परवानगीचा अभाव यांपैकी कोणतेही कारण संभवते.

बोलीतील रूपे

वणी (यवतमाळ जिल्हा) परिसरासह विदर्भात प्रचलित असलेल्या वऱ्हाडी बोलीत 'मला' ऐवजी 'मले', 'नको' ऐवजी 'नोको' आणि 'नाही' ऐवजी 'नाई' अशी रूपे ऐकू येतात. 'मले आता चालवत नाई' यासारख्या शक्यार्थी रचना बोलण्यात सहज येतात. याउलट 'जाऊ शकत नाही' या वळणाची लांबलचक नवीन कर्मणी रचना मुख्यतः लेखी व औपचारिक भाषेची आहे. विद्यार्थ्यांना ती बोलीतून मिळत नाही, वाचनातून आत्मसात करावी लागते.

प्रशासकीय भाषेतील महत्त्व

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर मराठी ही राज्यकारभाराची भाषा म्हणून अधिक रुजत गेली. कायदेविषयक लेखनात कर्ता अनुल्लेखित ठेवण्यासाठी नवीन कर्मणी सोयीची ठरते. मात्र तिच्यात नकार आल्यावर संदिग्धता निर्माण होऊ शकते. 'सर्व अर्ज स्वीकारले जाणार नाहीत' या वाक्यातून एकही अर्ज स्वीकारणार नाहीत असा अर्थ निघतो, तसाच काही अर्ज वगळले जातील असाही निघतो. पहिल्या अर्थासाठी 'एकही अर्ज स्वीकारला जाणार नाही' आणि दुसऱ्यासाठी 'सर्वच अर्ज स्वीकारले जातील असे नाही' अशी वाक्ये निःसंदिग्ध ठरतात.

त्याचप्रमाणे 'मूळ प्रमाणपत्र जोडू नये' आणि 'मूळ प्रमाणपत्र जोडण्याची आवश्यकता नाही' या दोन सूचना वेगळ्या आहेत. पहिलीनुसार प्रमाणपत्र जोडणे हा नियमभंग ठरतो. दुसरीनुसार ते जोडणे वा न जोडणे अर्जदाराच्या इच्छेवर राहते. एका सूचनेच्या जागी दुसरी छापली गेल्यास त्याचा परिणाम थेट अर्जदाराला भोगावा लागतो.